१९४८च्या लंडनमधल्या घरात रेडिओवर दिवसभर काय लागायचं?

एक नाटककार दोन अंकी नाटक लिहीत आहेत. काळ नोव्हेंबर १९४८, वार गुरुवार. जागा लंडनच्या उपनगरातलं एक घर. घरमालकीण युद्धात विधवा झालेली, तिचा दहा वर्षांचा मुलगा, आणि वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा कोल्हापूरकडचा एक विद्यार्थी. बैठकीच्या खोलीत रेडिओ आहे आणि सकाळपासून रात्रीपर्यंत तो नाटकात ऐकू यायला हवा. त्यांचा प्रश्न असा: "त्यावर नेमकं काय लागत असेल? मध्ये मध्ये जुनी इंग्रजी गाणी वाजवली तर चालेल का?"

गाण्यांचं आधी सांगते, कारण चूक तिथेच होते. मध्ये मध्ये गाणी वाजवून चालणार नाही. एकामागून एक रेकॉर्डी लावणारा रेडिओ आपल्या कानाला सवयीचा आहे, त्या काळातल्या ब्रिटनच्या नाही. रेकॉर्ड कंपन्यांशी झालेले करार आणि वादकांच्या संघटनेचा आग्रह, यांमुळे बीबीसीला आठवड्यात मोजकेच तास रेकॉर्डी वाजवता येत. त्याला 'नीडल टाइम' म्हणत, म्हणजे सुई टेकवायची मुभा असलेला वेळ. बाकीचं संगीत वादक स्टुडिओत बसून वाजवत. संगीतच कशाला, नाटक, विनोद, बातम्या, भाषणं, बहुतेक सगळं थेट चालायचं. रेकॉर्डिंग होत असे, पण ते लाखेच्या तबकडीवर कोरून. त्यात चुकलं तर कापून जोडायची सोय नाही. टेप तेव्हा नुकती दारात येऊन उभी होती. तुमच्या नाटकातल्या सेटमधून जो आवाज येतो, तो त्याच क्षणी कुठेतरी कुणीतरी काढत असतं. नटांना हे एकदा नीट सांगा. मग त्यांचं रेडिओकडे बघणंही बदलेल.

मी तीसेक वर्षं रेडिओवर श्रुतिका बसवल्या. ज्यांच्या हाताखाली शिकले ते टेपच्या आधीच्या काळातले, सगळं थेट करत आलेले लोक होते. आपल्याकडच्या रेडिओची घडीही बीबीसीच्या माणसांनीच बसवली. १९३५ साली लायनेल फील्डन तिथूनच आपल्या नभोवाणीचे पहिले कंट्रोलर म्हणून आले. त्यामुळे लाल दिवा, क्यू, फेडर, लॉगबुक हे त्यांचं घर आम्हाला परकं कधी वाटलं नाही.

आता सेट. तुमची बाई त्याला 'रेडिओ' म्हणणार नाही, 'वायरलेस' म्हणेल. हातात घेऊन फिरायचा ट्रान्झिस्टर १९५०च्या दशकातला, तो टेबलावर दिसला की जाणता प्रेक्षक तिथेच हरवला. तुमच्यापुढे दोन चांगले पर्याय आहेत. एक, १९४६ मध्ये आलेला बुश कंपनीचा छोटा बेकेलाइटचा, म्हणजे त्या काळच्या कडक प्लास्टिकचा, सेट. दुसरा मला जास्त आवडतो. युद्ध चालू असताना १९४४ मध्ये सरकारनं सगळ्या कंपन्यांकडून एकाच साच्याचा साधा सेट काढून घेतला होता. किंमत १२ पौंड ३ शिलिंग ४ पेन्स. लाकडाची साधी पेटी, कुठे नक्षी नाही, कंपनीचं नाव मिरवणं नाही. नवरा गेलेल्या बाईच्या घरात हाच शोभेल. पण तो घेतलात तर एक पथ्य पाळा. त्यात फक्त मीडियम वेव्ह होती. लाइट प्रोग्रॅम हे बीबीसीचं करमणुकीचं केंद्र लाँग वेव्हच्या १५०० मीटरवरही लागायचं आणि बहुतेक लोक तिथेच ऐकायचे, पण या सेटवर ते २६१ मीटरवर लावावं लागे. म्हणून "पंधराशेवर लाव" असं वाक्य नटाच्या तोंडी घालू नका.

सेट व्हॉल्व्हचा, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा आहे, हे विसरू नका. बटण फिरवलं की आधी डायलमागचा दिवा लागतो, मग गुणगुण सुरू होते, आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास आवाज हळूहळू वर येतो. नाटककाराला हे अर्धं मिनिट म्हणजे देणगीच. दोन माणसं सेटसमोर उभी आहेत, वाट बघतायत, आणि तेवढ्यात नको ते बोलून जातात. आणि साउंड करणाऱ्या मुलाला सांगा, स्पीकर विंगेत नको, सेटच्याच पेटीत बसव. वरच्या पट्टीतला झणझणीतपणा काढून टाक, मीडियम वेव्हचा आवाज थोडा बोदा आणि उबदार असतो. नेटवर मिळणाऱ्या धून पुष्कळदा नंतरच्या वादकांनी स्टिरिओत वाजवलेल्या असतात, त्या टाळा.

तेव्हा तीन केंद्रं होती, तीनही बीबीसीची. होम सर्व्हिस युद्धाच्या पहिल्या दिवसापासूनची, बातम्या, नाटकं, भाषणं, शाळांचे कार्यक्रम यांची. युद्ध संपल्यावर २९ जुलै १९४५ ला लाइट प्रोग्रॅम सुरू झाला, करमणुकीचा. आणि २९ सप्टेंबर १९४६ पासून थर्ड प्रोग्रॅम, गंभीर संगीत-साहित्याचा, फक्त संध्याकाळी सहा ते बारा. तेव्हाचे महासंचालक विल्यम हेली यांच्या मनात असं होतं की माणसानं लाइटवरून होमकडे आणि होमवरून थर्डकडे पायरी पायरीनं चढत जावं. जाहिरात कुठेच नाही. देशातला कायदेशीर खाजगी रेडिओ यायला १९७३ उजाडलं. घरटी लायसन्स लागे, ते पोस्टात मिळे. जून १९४६ पासून त्याचा दर १० शिलिंगांवरून १ पौंडावर, म्हणजे दुपटीवर गेला होता. तुमच्या बाईला तो झोंबलेला असणार.

सकाळी सातला आणि आठला होम सर्व्हिसवर बातम्या. आठच्या बातम्यांपूर्वी पाचएक मिनिटांचं छोटं धार्मिक चिंतन आणि हवामान. बातम्यांआधी ग्रिनिचचे सहा ठोके, ते 'पिप्स'. इथे बारीक पण महत्त्वाची गोष्ट: आज ऐकू येतात त्या पिप्समध्ये शेवटचा ठोका लांब असतो. ती लांबी १९७२ पासूनची. तुमच्या गुरुवारी सहाही ठोके सारखेच आखूड वाजले पाहिजेत. नेटवरून उचललेली फाइल तशीच लावलीत, तर लंडन बघून आलेला एक तरी प्रेक्षक अस्वस्थ होईल.

बातम्या वाचणारा आपलं नाव सांगणार नाही. युद्धात वाचक नाव सांगून वाचत, म्हणजे शत्रूनं नकली बातमी घुसवली तर लोकांना आवाज ओळखता यावा. युद्ध संपलं आणि पुन्हा निनावी वाचन सुरू झालं. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. तुमच्या बाईला नवरा गेला त्या वर्षांतले आवाज नावानिशी ठाऊक आहेत, आणि आता तेच आवाज नाव न सांगता येतात. तिला ते कळतंय, एवढं एका ओळीत येऊ द्या.

नऊला लाइट प्रोग्रॅम उघडतो आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी 'हाउसवाइव्ह्ज चॉइस' लागतो. मुलगा शाळेत गेलाय, भांडी घासायची आहेत. तुम्हाला रेकॉर्डी हव्याच असतील तर त्या इथे, कारण हा फर्माइशींचाच कार्यक्रम. 'आपली आवड' ऐकत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. पोस्टकार्डं येत, नावं वाचली जात, एका गाण्यासाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहिली जाई. निवेदक पालटत असे, बहुतेक वेळा कुणी नामवंत पुरुष. सुरुवातीची धून जॅक स्ट्रेची यांची, 'इन पार्टी मूड' नावाची, उड्या मारत येणारी. तिच्यावर पडदा उघडला तरी शोभेल.

साडेदहाला 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. १९४० मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांचे हात चालते राहावेत म्हणून हा कार्यक्रम निघाला आणि शांततेच्या काळातही टिकला. अर्धा तास एकच बँड, मध्ये निवेदन जवळजवळ नाही, एका धुनीतून दुसरीत न थांबता सरकायचं. फार संथ काही नको, कारण हात मंदावतात. यंत्रांच्या खडखडाटात हरवेल इतकं हळुवारही नको. टाळ्यांचा ठेका असलेलं एक लोकप्रिय अमेरिकन गाणं या कार्यक्रमातून वगळलं होतं, कारण कामगार हातातली अवजारं यंत्रांवर आपटून ठेका धरत. दुपारी पुन्हा एकदा हाच कार्यक्रम असे. घरातल्या बायकाही त्यावर केर काढत, इस्त्री करत. तुम्हाला संवादाखाली हलकं संगीत हवं असेल तर ही जागा खरी आहे. त्याच सुमारास होम सर्व्हिसवर सव्वादहाची प्रार्थना आणि मग शाळांचे कार्यक्रम. मुलगा वर्गात लाउडस्पीकरसमोर बसून ते ऐकत असेल, आणि घरी येऊन त्यातलं काहीतरी विचारेल.

साडेबाराला कधी कधी 'वर्कर्स प्लेटाइम', एखाद्या कारखान्याच्या कँटीनमधून थेट. गाणं, पियानो, एखादा विनोदी नट, आणि मागे ताटल्यांचा आवाज. तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

दोनला मात्र थांबा. 'वुमन्स अवर', लाइट प्रोग्रॅमवर, ७ ऑक्टोबर १९४६ पासून. पहिला निवेदक चक्क पुरुष होता, ॲलन आयव्हिमी. हा आपल्याला काय शिकवतो, अशी पत्रं आली आणि पुढे निवेदिका आल्या. रेशनमध्ये काय रांधायचं, जुन्या कोटातून मुलाचा कोट कसा बेतायचा, आणि शेवटी कादंबरीचं क्रमशः वाचन, एवढंच त्यात असेल असं आपल्याला वाटतं. पण १९४८ मध्ये याच कार्यक्रमात रजोनिवृत्तीवर बोललं गेलं. अंगातून उठणाऱ्या गरम वाफा, अंडाशयाचे आजार, गर्भाशय काढणं, हे भर दुपारी दोनला सगळ्या देशाला ऐकवताय म्हणून बीबीसीतल्याच एका अधिकाऱ्यानं लेखी नापसंती नोंदवली होती. तुमची घरमालकीण कोणत्या वयाची आहे? पंचेचाळिशीच्या पुढची असेल, तर हा प्रसंग माझ्या मते नाटकाचा कणा होऊ शकतो. ती एकटी ऐकतेय. ज्या गोष्टीबद्दल आईही कधी बोलली नाही ती एक अनोळखी बाई पेटीतून शांतपणे सांगतेय. आणि वरून विद्यार्थी जिना उतरतो. ती आवाज कमी करते की नाही, एवढ्यावर तुमचा प्रवेश उभा राहील.

त्यांच्या घरात तेव्हा काय होतं तेही सांगते, म्हणजे संवादात चूक होणार नाही. ब्रेडवरचं रेशन जुलै १९४८ मध्ये उठलं होतं. चहा, साखर, मांस, गोळ्या-चॉकलेटं अजून कुपनावरच. ५ जुलैपासून नवी आरोग्यसेवा सुरू झाली होती, डॉक्टरचं बिल गेलं होतं. नोव्हेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. त्याच चारला 'मिसेस डेल्स डायरी' लागते. ती नुकतीच, ५ जानेवारी १९४८ ला सुरू झालेली, म्हणजे तुमच्या गुरुवारी वर्षही पुरं झालेलं नाही. एका उपनगरातल्या डॉक्टरची बायको रोजची टिपणं वाचते, वीणेसारख्या हार्पच्या झणकाऱ्यावर. घरात फारसं काही घडत नाही. नवऱ्याची, जिमची, तिला काळजी वाटते. ती इतकी वाटते की ते वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. आपल्याकडे रेडिओवरच्या पंत आणि मीनावहिनींना ज्या घरांनी आपलं मानलं त्यांना ही ओढ लगेच कळेल. जिचा स्वतःचा डॉक्टर किंवा क्लार्क नवरा परतलाच नाही, तिला दुसरीच्या नवऱ्याच्या बारीकसारीक तक्रारी ऐकाव्याशा वाटणं, यात मला खूप काही दिसतं. दुपारचा भाग चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो परत लागे.

'द आर्चर्स' घालू नका. सगळे तेच घालतात. तो देशभर १ जानेवारी १९५१ ला सुरू झाला. मुलांसाठीचा 'लिसन विथ मदर' १९५० चा. समुद्रावरच्या हवामानाआधी वाजणारी ती झुलती धूनही बरीच नंतरची. आणि राष्ट्रगीताचा उल्लेख आलाच तर राजा, राणी नाही. सहावे जॉर्ज हयात आहेत.

पाचला होम सर्व्हिसवर 'चिल्ड्रन्स अवर', सहाला बातम्या. पण दहा वर्षांच्या मुलाचा जीव पावणेसातकडे लागलेला असतो. कारण पावणेसातला, सोमवार ते शुक्रवार, लाइट प्रोग्रॅमवर 'डिक बार्टन'. पंधरा मिनिटं. युद्धातून परतलेला कमांडो कप्तान, आता गुन्हेगारांच्या मागे, सोबत स्नोवी आणि जॉक. ऐन भरात दीड कोटी लोक ऐकत होते. चार्ल्स विल्यम्स यांची 'डेव्हिल्स गॅलप' ही धून इतकी धावती आहे की ती लागली की गल्लीत खेळणारी पोरं घरात पळत. रोजचा भाग ऐन संकटात तोडायचा, आणि निवेदकानं प्रश्न विचारायचा, आता बार्टन सुटेल का? बीबीसीनं लेखकांना नियमांची यादीच दिली होती. बार्टन दारू पीत नाही, शिवी देत नाही, विनाकारण हिंसा करत नाही, प्रेमप्रकरणं नाहीत. मूल ऐकतंय याची ती जाणीव होती, आणि माझ्या मते ती योग्य होती.

त्या वेळी स्टुडिओत काय चाललं असेल ते एकदा जवळून बघा, कारण तुमच्या मुलाचं पात्र तेच डोळ्यांसमोर आणत बसलेलं असतं. खोलीच्या मधोमध स्टँडवर रिबन माइक, मूठभर जाडीची चपटी पेटी. त्याला दोन तोंडं असतात, पुढून आणि मागून ऐकतं, डाव्या-उजव्या अंगाला बहिरं. म्हणून दोन नट समोरासमोर उभे राहतात, मधे माइक, आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलतात. एखाद्याला दूर जायचं असेल तर तो मागे सरकत नाही, अर्धं पाऊल बाजूला सरकतो, माइकच्या बहिऱ्या अंगाला. तेवढ्यात घरी ऐकणाऱ्याला वाटतं, हा बोगद्याच्या टोकाला पोचला. हातात संहितेची सुटी पानं, टाचणी काढलेली, कारण टाचलेलं पान उलटताना आवाज करतं. वाचून झालेलं पान मऊ सतरंजीवर सोडून द्यायचं, ते तरंगत पडतं. कोपऱ्यात आवाजाचा माणूस. त्याच्याजवळ कुलूप, कडी, साखळी असलेला एकटाच दरवाजा, खडीचा ट्रे, पाण्याची टबडी. ग्रामोफोनवर मोटारीची रेकॉर्ड, सुई नेमकी कुठे टेकवायची तिथे पिवळ्या पेन्सिलीची खूण. हिरवा दिवा लागला की पहिला शब्द. चुकलं तर चुकलं, परत नाही. एकदा गुंडाला ठोसा मारताना नट आधी ओरडला आणि आमच्या आवाजवाल्यानं हाताची मूठ तळव्यावर नंतर आपटली. पाव सेकंदाचा फरक. स्टुडिओत कुणाला हसू आलं नाही, सगळे पांढरे पडले होते, कारण ते घराघरात जाऊन पोचलं होतं आणि आता आणता येत नव्हतं. थेट कामाची भीती हीच, आणि त्यातून आवाजाला जी धार येते ती टेपवर येत नाही, असं मी आजही मानते.

साडेआठला होम सर्व्हिसवर 'इट्स दॅट मॅन अगेन', लोक नुसतं 'इट्मा' म्हणत. त्यातला मुख्य विनोदी नट टॉमी हँडली. गुरुवार तुम्ही मुद्दाम निवडलात की योगायोगानं, ठाऊक नाही, पण गुरुवारच बरोबर आहे. हा कार्यक्रम म्हणजे एक दार. दार उघडतं, कुणीतरी येतं, आपलं ठरलेलं वाक्य बोलतं, प्रेक्षक खदखदतात, दार बंद. दारूच्या पेल्याचा उल्लेख झाला की लगेच होकार देणारा कर्नल चिनस्ट्रॅप, आणि रडक्या आवाजात 'मी आनंदी स्वभावाची म्हणून तर टिकून आहे' म्हणणारी मोना लॉट. युद्धातल्या अंधाऱ्या रात्रींत याच कार्यक्रमानं लोकांना धरून ठेवलं होतं. तुमच्या बाईनं तो नवऱ्याबरोबर ऐकलेला असेल. आणि तुमचा प्रेक्षक जाणकार असेल तर त्याला हेही माहीत असेल की या गुरुवारनंतर हँडलींचे थोडेच गुरुवार उरलेत. ९ जानेवारी १९४९, रविवार. गुरुवारच्या भागाचं पुनःप्रसारण संपलं, आणि लगेच महासंचालक हेली स्वतः माइकसमोर आले आणि टॉमी हँडली गेल्याचं त्यांनी सांगितलं. हसून पुरतं झालंही नव्हतं. तुमच्या नाटकाचा काळ दोन महिने पुढे नेता आला, तर दुसरा अंक त्या रविवारी ठेवण्याचा विचार जरूर करा.

विनोदावर बंधनं होती. विनोदी लेखक-निर्मात्यांसाठी १९४८च्या सुमारास एक पुस्तिका निघाली, हिरव्या कव्हरची म्हणून तिला 'ग्रीन बुक' म्हणत. संडास, बायकांचे आतले कपडे, मधुचंद्राची जोडपी, भाडेकरू, फिरते विक्रेते, यांच्यावरचे सूचक विनोद वर्ज्य. म्हणजे विधवा घरमालकीण आणि वर राहणारा भाडेकरू, हे तुमचं नाटकच त्या यादीत बसतं. राजकारणातही एक नियम होता: संसदेत येत्या चौदा दिवसांत जो विषय चर्चेला येणार, त्यावर रेडिओवर चर्चा करायची नाही. म्हणून त्या घरात राजकारणावर वाद होईल तो जेवणाच्या टेबलावर, सेटमधून येणार नाही.

नऊला बिग बेन. हा आवाज रेकॉर्ड केलेला नव्हता. घड्याळाच्या मनोऱ्यात माइक होता, आणि जे धुकं खिडकीबाहेर आहे त्याच धुक्यातून तो टोल येत होता. युद्धात नऊचे टोल पडत असताना घराघरांत मिनिटभर शांत बसायची रीत पडली होती, दूर असलेल्या माणसांसाठी. ती टोलांची जागा नंतरही राहिली, मग नऊच्या बातम्या. तुमच्या प्रवेशात टोल पुरे वाजू द्या, कापू नका. नऊ टोलांना बराच वेळ लागतो आणि रंगमंचावर तेवढा वेळ कुणीच बोलत नाही हे दिग्दर्शकाला घाबरवतं, पण ती बाई त्या वेळी कुणासाठी बसते हे प्रेक्षकाला न सांगता कळेल.

आता कोल्हापूरकडचा विद्यार्थी. त्याला त्या सेटवर मराठी ऐकू येईल का, असा प्रश्न तुम्हाला पुढे पडणारच. बीबीसीचं मराठी प्रसारण होतं. ते मार्च १९४२ मध्ये सुरू झालं आणि १९५८ पर्यंत चाललं. पण ते लंडनमधून हिंदुस्थानाकडे शॉर्टवेव्हवर सोडलं जाई. मीडियम वेव्हच्या साध्या सेटवर, लंडनच्या घरात, ते मिळणार नाही. ज्या शहरातून आपली भाषा निघते त्या शहरात ती ऐकू येत नाही, हे त्याला जाणवू द्या. त्याला वेणू चितळ्यांचं नाव माहीत असण्याची शक्यता पुष्कळ, कारण त्या कोल्हापूरकडच्याच, शिरोळच्या. युद्धकाळात बीबीसीच्या पूर्व विभागात लेखक जॉर्ज ऑर्वेलबरोबर त्यांनी काम केलं आणि ब्रिटिश श्रोत्यांसाठी इंग्रजीतूनही प्रसारण केलं. घरमालकिणीला एखादा हिंदुस्थानी बाईचा नीट, स्वच्छ इंग्रजी आवाज युद्धातल्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमातून आठवत असेल, तर या दोघांमधलं पहिलं मोकळं बोलणं तिथून सुरू होऊ शकतं. आणि त्याच वर्षी ३० जानेवारीची बातमी, गांधीजींची, त्या घरात याच पेटीतून आली असणार. तेव्हा तो तिथे राहत होता का, हे तुम्ही ठरवा.

रात्री तो तिला थर्ड प्रोग्रॅम लावायला सांगेल, ५१४ मीटरच्या आसपास. तिथे वेळेचं बंधन सैल होतं, सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बर्नार्ड शॉ यांचं एक अख्खं लांबलचक नाटक एकही ओळ न कापता केलं होतं. ऐकणारे थोडे, पण जिवापाड ऐकणारे. फेब्रुवारी १९४७ मध्ये कोळशाच्या टंचाईनं वीज वाचवायला हे केंद्र दोनेक आठवडे बंदच ठेवलं होतं. त्या हिवाळ्याची आठवण बाईच्या बोटांत अजून असेल. ती त्याला लावू देईल, पण आवाज कमी ठेवायला सांगेल, मुलगा झोपलाय.

सेट बंद करतानाची एक गोष्ट राहिली. बटण फिरवल्यावर व्हॉल्व्हचा आवाज खटकन तुटत नाही, क्षणभर रेंगाळून विरतो. दिवा आधी जातो, आवाज मागून. साउंडवाल्यानं आणि लाइटवाल्यानं हा क्रम एकत्र बसून तालमीत तीन-चार वेळा मोजून घ्यावा.